जावयाच्या मनगटावरचं ऑटोमॅटिक

गुरुजींनी रुमालाची गाठ सोडली, घड्याळ काउंटरवर ठेवलं आणि आम्ही दोघंही त्याच्याकडे बघत राहिलो. घड्याळ चालत होतं.

"बंद आहे म्हणालात ना?" मी विचारलं.

"काल देवणीत बंदच होतं, बाई. सकाळी यष्टीत बसलो तवा बी बंदच." गुरुजी प्राथमिक शाळेत शिकवायचे. वर्षभर गैरहजर असलेलं पोरगं नेमकं इन्स्पेक्शनच्या दिवशी पहिल्या बाकावर दिसावं, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांची मुलगी विमल उन्हाळ्यात लग्न होऊन लातूरला आली होती. जावई प्रकाश नव्या जिल्ह्याच्या नव्या ऑफिसात क्लार्क. जावयाच्या मानाचं म्हणून गुरुजींनी हैदराबादेहून ऑटोमॅटिक घड्याळ आणवलं. ते लग्नात चाललं, वरातीत चाललं, आणि संसाराला लागल्यावर बंद पडायला लागलं. आषाढात विमल माहेरी गेली, तिच्या मागोमाग घड्याळही गेलं आणि त्यासोबत विहीणबाईंचा निरोप: चालतं घड्याळ घेऊन या, मग पोरगी आणा. जुनं घड्याळ नवं म्हणून दिलं, आणखी काय काय तसंच दिलंय ते बघावं लागंल.

निरोपाचा हा शेवटचा भाग गुरुजींनी फार हळू आवाजात सांगितला. श्रावण सरत आला होता आणि विमल अजून देवणीतच होती. शेजारपाजारच्या बायका आता 'कधी जाणार' असं न विचारता 'राहिलीस का' असं विचारायला लागल्या होत्या.

इथे माझी ओळख करून देते. म्हणजे तेव्हाच्या 'मी'ची. त्या बाईबद्दल बोलायला मला फार आवडतं, कारण ती आता उलट उत्तर देऊ शकत नाही. घड्याळाचं काम ती नांदेडला मामाच्या दुकानात शिकली. लग्न होऊन लातूरला आली आणि गोलाईच्या बाजाराजवळच्या गल्लीत रऊफचाचांच्या दुकानात बसू लागली. आख्ख्या लातुरात घड्याळ उघडणारी बाई मी एकटीच, असा माझा समज होता आणि तो मी लोकांनाही करून देत असे. डोळ्याला लावायचं भिंग मी चहा पितानाही काढत नसे. एकदा तशीच भाजी घ्यायला गेले. भाजीवाली म्हणाली, "बाई, वांग्यात कीड न्हाई, एवढं बारीक बघू नका."

जिल्हा झाला आणि लातूरला अचानक वेळ कळायला लागली. ऑफिसं उघडली, साहेब आले आणि साहेबांच्या मागे घड्याळं आली. त्यातच पावसानं पाठ फिरवलेली. विहिरी तळाला गेल्या, टँकरची वाट बघायची, नाहीतर हापशावर नंबर लावायचा. अंगावर इस्त्रीचे कपडे आणि घरात रिकामी घागर, असं ते वर्ष होतं.

रऊफचाचा जुन्या चावीच्या घड्याळांचे माणूस. ऑटोमॅटिक आलं की माझ्याकडे सरकवायचे. "जो घडी खुदीच चलती, उसकू मेरी क्या जरूरत? ये तेरा पेशंट, बेटी."

ऑटोमॅटिक म्हणजे काय, ते सोपं आहे. कुठल्याही साध्या घड्याळात एक गुंडाळलेली स्प्रिंग असते. ती उलगडत जाते आणि घड्याळ चालतं. जुन्या घड्याळाला रोज चावी देऊन ती पुन्हा गुंडाळावी लागते. ऑटोमॅटिकच्या पोटात अर्ध्या भाकरीच्या आकाराचं एक वजन असतं. त्याला रोटर म्हणतात. हात हलला की रोटर फिरतो, रोटर फिरला की स्प्रिंग गुंडाळली जाते. स्प्रिंग भरलेली असली तर घड्याळ काढून ठेवलं तरी दीड दिवस चालतं. गुरुजींनी आणलेल्या घड्याळाला चावीच नव्हती. बाहेरची खुंटी फक्त काटे फिरवण्यापुरती.

मी घड्याळ उघडलं. मागच्या झाकणाला आतून एक पुसट ओरखडा होता. मला आनंद झाला. रोटर धरणारा स्क्रू किंचित सैल झाला की रोटर झाकणाला घासतो, खरखरतो आणि नीट फिरत नाही. मी स्क्रू आवळला, घड्याळ कानाशी धरून हलवलं, खरखर गेली. गुरुजींना मी समोर बसवून रोटरवर एक व्याख्यान दिलं. ते बिचारे मान डोलवत होते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांकडून डोलवून घेतली होती, त्या दिवशी त्यांच्यावर पाळी आली.

"आता बंद पडलं तर माझं नाव बदला," मी म्हणाले.

चाचांनी मागून विचारलं, "क्या नाम रखना, अभीच सोच के रखूं क्या?"

गुरुजी घड्याळ जावयाच्या घरी देऊन देवणीला गेले. चारआठ दिवसांत जावईच दुकानात हजर. सोबत आई. प्रकाश उंच, देखणा, केसाला तेल. त्याने डावा हात काउंटरवर असा ठेवला, जसा फोटोवाल्यासमोर ठेवतात. घड्याळ बंद होतं.

आईला सगळे आक्का म्हणत. आक्का म्हणाल्या, "पुन्हा मेलं. बाईमाणसानं उघडलं म्हनं. लोणच्याची बरणी हाय का ती?"

माझ्या भिंगाचा अपमान झाला. मी आणखी खोलात शिरले. रोटर दोन्ही बाजूंना फिरतो, पण स्प्रिंग एकाच बाजूनं गुंडाळायची असते. त्यासाठी मध्ये दोन बारीक चाकं असतात. रोटर इकडे फिरो की तिकडे, ती चाकं मेहनत एकाच दिशेला लावतात. तिथं घाण बसली किंवा कुणी तेल जास्त घातलं की चाकं नुसती घसरतात. रोटर फिरतो, स्प्रिंगला पत्ता नसतो. मी ती चाकं काढली, पेट्रोलमध्ये धुतली, वाळवली, बसवली. खरं सांगायचं तर ती आधीही स्वच्छच होती. पण 'काही नव्हतं' असं आक्कांना सांगायची माझी हिंमत नव्हती, आणि स्वतःला सांगायची तर मुळीच नव्हती.

एवढं केल्यावर मी स्क्रूड्रायव्हरनं आतली स्प्रिंग पूर्ण भरली आणि घड्याळ नुसतं ठेवून दिलं. ते हक्काचा दीड दिवस चाललं आणि मग थांबलं. म्हणजे स्प्रिंगही ठणठणीत. मग ते स्वतःच्या हाताला बांधलं. दुकानात, घरी, बाजारात, सगळीकडे. आमच्याही गल्लीत हापसाच होता. नंबर आला की दोन घागरी हापसायच्या, डोक्यावर घेऊन घरी. घड्याळ बंद पडायचं नाव घेईना. दुसऱ्याच्या जावयाचं घड्याळ मिरवते म्हणून सासूबाईंनी टोमणा मारून घेतला, तोही सोसला.

घड्याळ प्रकाशच्या हाती दिलं. दोन दिवसांनी ते पुन्हा मेलं.

आता आक्का आल्या त्या बसायच्या तयारीनं आल्या. सोबत प्रकाश, आणि मागून गुरुजीही आले. त्यांना मीच निरोप धाडला होता, घड्याळ झालं म्हणून. माझी घाई. गुरुजी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. आक्का त्यांच्याकडे न बघता मला म्हणाल्या, "त्यांना सांगा, आमी लई वाट बघितली. पोरगी अन् घड्याळ, दोनी त्यांच्याकडंच असू द्या."

गुरुजी टोपीची घडी घालत राहिले. दुकानात सगळी घड्याळं टिकटिकत होती, एक सोडून.

मी त्या दिवशी पहिल्यांदा भिंग डोळ्यावरून काढलं. घड्याळात बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं. माझ्या हातावर चालतं, त्याच्या हातावर बंद पडतं आणि यष्टीच्या धक्क्यांनी मेलेलं जिवंत होतं, एवढी साधी गोष्ट एव्हाना त्या यष्टीच्या ड्रायव्हरलाही कळली असती. मीच स्क्रू मोजत बसले होते.

"प्रकाशराव, सकाळी उठल्यापासून तुमचा हात काय काय करतो ते सांगा," मी म्हणाले.

तो लाजला. आईकडे बघितलं. मग सांगितलं. सकाळी घड्याळ कपाटात असतं, मखमलीच्या कापडात. अंघोळ, चहा, जेवण सगळं त्याच्याविना. ऑफिसला निघताना आई ते काढून देते. ऑफिसात तो डावा हात टेबलावर ठेवतो.

"आणि?"

"ठेवतो," तो म्हणाला. "घड्याळ दिसावं म्हणून. फायली शिपाई आणतो. सही उजव्या हातानं करतो."

"संध्याकाळी?"

इथे आक्कांनी उत्तर दिलं. दारातच त्या घड्याळ उतरवून घेत. पाणी लागेल, धूळ लागेल, पीठ लागेल. सासऱ्यानं दिलेली मानाची वस्तू, कामाच्या हाताला कशी ठेवायची?

"आणि पाणी कोण भरतं?"

"मी भरते. विमल होती तवा ती भरायची," आक्का म्हणाल्या. "जिल्ह्याच्या हाफिसातला मानूस हापशावर जाईल व्हय?"

चाचांनी हातातला चिमटा खाली ठेवला. त्यांना हसू आवरत नव्हतं. अशी घड्याळं त्या वर्षी पुष्कळ होती, हे मला नंतर कळलं. आमच्याकडे मानाची वस्तू कामाला लावत नाहीत. लुगडं पेटीत, तांब्या फळीवर, जावयाचं घड्याळ मखमलीत. आणि ऑटोमॅटिक ही एकच अशी मानाची वस्तू, जी मानानं ठेवली की मरते.

हात हलत नाही म्हणून घड्याळ बंद पडतं, हे मी शब्दांत सांगून बघितलं. आक्का म्हणाल्या, "माझ्या लेकाचा हात मेला म्हन्ती काय तू?"

बोलून उपयोग नव्हता. दुकानासमोर गल्लीच्या तोंडाशी हापसा होता. मी बंद घड्याळ सगळ्यांना दाखवलं. खुंटीला कुणी हात लावायचा नाही, म्हणाले. प्रकाशच्या मनगटाला ते बांधलं आणि त्याला हापशावर नेलं. आक्का आणि गुरुजी मागून आले. घागरींची रांग होती. बायकांनी नव्या जिल्ह्याचा क्लार्क इस्त्रीच्या बाह्या सारताना बघितला आणि रांगेतली सगळी भांडणं थांबली.

"बापू, आदी माझी घागर," एक म्हातारी म्हणाली.

प्रकाशने दांडा धरला. पाणी खोल गेलेलं. पाचसहा वेळा नुसता वारा आला. मग गढूळ धार लागली. त्याचा चेहरा लाल झाला होता, पण थांबला नाही. घागर भरली तेव्हा मी त्याचा हात धरून आक्कांच्या डोळ्यांसमोर नेला. सेकंदकाटा तुरुतुरु चालला होता.

आक्कांनी घड्याळ कानाला लावलं, म्हणजे मुलाचा हातच ओढून कानाला लावला. बराच वेळ ऐकलं.

"नवंच हाय की," शेवटी त्या म्हणाल्या. मग गुरुजींकडे वळल्या. त्या दिवसातलं त्यांच्याशी बोललेलं हे पहिलंच वाक्य. "सोमवारी आणून सोडा पोरीला. तिच्याबिगर घर कसंतरीच हाय."

गुरुजींनी टोपी डोक्यावर घातली. मग मान डोलवली.

मी प्रकाशला पथ्य सांगितलं. अंघोळ आणि झोप सोडून घड्याळ काढायचं नाही, आणि रोज सकाळी दोन घागरी स्वतः हापसायच्या. दोन पुरे झाल्या असत्या की एक, हे मलाही ठाऊक नव्हतं. पण विमलचा विचार करून मी दोन सांगितल्या. चाचा म्हणाले, "चार बोलती तो भी भर देता था."

आक्कांना ते काही दिवस फार लागलं. मुलगा हापशावर दिसला की त्या शेजारणींना मोठ्यानं सांगत, "घड्याळासाठी चाललंय हो, घड्याळासाठी." हळूहळू गल्लीतले आणखी दोनतीन क्लार्क घड्याळासाठी पाणी भरायला लागले. त्यातल्या एकाचं घड्याळ तर साधं चावीचं होतं.

पुढच्या पावसाळ्यात चांगला पाऊस झाला. नळाला पाणी आलं. एक दिवस दुपारी एक सावळी, हसऱ्या डोळ्यांची मुलगी दुकानात आली. मी तिला कधी बघितलं नव्हतं. तिनं इकडेतिकडे बघून हळूच विचारलं, "ताई, तुम्हीच त्या ना? मी विमल. आता हापशावर जावं लागत न्हाई. घड्याळ बंद पडायला लागलंय."

"काढून ठेवतात का?"

"न्हाई. पण कामच न्हाई हाताला." तिनं पदराआड हसू दाबलं. "दुसरं कोणतं काम चालंल, ते विचारायला आले."

मी भिंग लावलं. अशा वेळी ते शोभतं. "कणीक मळणं," मी म्हणाले. "घड्याळ जरा वर सरकवून. रोटर दोन्ही बाजूंनी फिरतो."

तिनं गंभीरपणे मान हलवली, जसं डॉक्टरनं सांगितलेलं औषध लक्षात ठेवतात, आणि गेली. घड्याळ पुन्हा दुरुस्तीला आलं नाही.

एवढ्या वर्षांच्या धंद्यात मी एक शिकले. ऑटोमॅटिक म्हणजे आपोआप चालणारं नव्हे. कुणाचा तरी हात हलावाच लागतो. आपल्याकडे तो कुणाचा, हे फार आधीच ठरलेलं असतं. घड्याळवालीला फक्त ते थोडंसं बदलता येतं.