आज घाट चढावा का?

"दुपार माझ्याजवळ ठेवून जा," असं ती म्हणायची. कपाळावर आडवा हात धरून, डोंगराकडे बघत. विचारणाऱ्याकडे बघायचीसुद्धा नाही. याचा अर्थ, आता चढू नका, सावलीला बसा, ऊन उतरलं की निघा.

जिंतूरच्या पुढं वऱ्हाडाकडं जाणारी वाट डोंगराला लागते, तिथं एका लिंबाखाली तिची पाणपोई होती. कुडाचा आडोसा, वर पळसाच्या पानांचं छप्पर, वाळूत रोवलेले रांजण. मी तेव्हा घाटावरच्या एका गावात मास्तर होतो. बाजाराच्या दिवशी खाली उतरायचो आणि परत चढायचो, त्यातून ओळख झाली. नवरा गेल्यावर दिराच्या घरात तिला करमेना, म्हणून ती इथं येऊन बसली होती. तिचं नाव कुणी घेत नसे. गाडीवान, फेरीवाले, तहसीलचे शिपाई, सगळ्यांची ती मावशी.

उन्हाळ्यात आमचा डोंगर मोठा फसवा. सकाळी पायथ्याला गार वाटतं आणि माणूस बेसावध होतो. घाटात वारा अडतो, दगड तापतात, वरच्या अंगाला झाडाचं नाव नाही. म्हणून चढणारा प्रत्येक जण पाणी मागायच्या आधी विचारायचा, "मावशी, आज कसं हाय?"

ती रांजणावरचं ओलं पोतं चाचपायची. ते लवकर वाळलं असलं की तिच्या कपाळाला आठी पडायची. मग डोंगर बघायची. डोंगर स्वच्छ, अगदी झाडन्‌झाड ओळखू येईल असा दिसला की म्हणायची, "लय जवळ आलाय आज. नगं." एका शिपायानं एकदा थट्टा केली, "मावशी, सरकारनं तुला हवेच्या खात्यात नोकरी द्यायला पायजे."

"देतील की," ती म्हणाली. "पन मग इथं पानी कोन भरंल?"

तिचं सगळंच खरं व्हायचं असं नाही. वळवाच्या धाकानं तिनं बसवून ठेवलेल्या गाडीवानांवर कित्येकदा थेंबही पडला नाही. ते कुरकुरायचे. "बसून झिजलाव का रे?" म्हणून ती त्यांनाच दटावायची.

एका चैत्रात मात्र तिचं चुकणं हसण्यावारी गेलं नाही. बांगड्या विकणारा एक तरुण आला. वरच्या गावात लग्न होतं, त्याला घाई होती. तिनं पोतं चाचपलं, डोंगर पाहिला आणि म्हणाली, "जा लेकरा, आज नरम हाय." दुपारी वारा फिरला. झळा अशा सुटल्या की गुरंसुद्धा उठेनात. दिवस कलल्यावर उतरणाऱ्या गुराख्यांना तो वाटेच्या कडेला पडलेला सापडला. माळेतली एकही बांगडी फुटली नव्हती.

त्याचं घर झरी गावाच्या बाजूला. गाडीत घालून त्याला नेलं, तेव्हा मावशी गाडीबरोबर निघाली. लोकांनी अडवलं, "कशाला जातीस? लोक तुलाच बोलतील."

"बोलू द्या की," ती म्हणाली.

त्याच्या आईपुढं उभी राहून तिनं सांगितलं, "मीच जा म्हनले." आई काय म्हणाली ते तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

त्यानंतर ती पाणी द्यायची, पण हवेचं बोलायची नाही. कुणी विचारलं तर ओंजळीत धार धरून म्हणायची, "पानी प्या. त्ये इचारू नगा." असे कितीतरी दिवस गेले. एकदा एक म्हातारा गाडीवान तिच्यासमोर बसला तो उठेचना.

"तू सांगत न्हाईस म्हनून आमी चढायचं थांबलाव का?" तो म्हणाला. "आता नुसतं आंधळ्यावानी चढायलाव."

तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं. मग उठली आणि पोत्यावर हात ठेवला.

पण त्या दिवसापासून तिची रीत बदलली. नुसत्या शब्दावर ती कुणाला सोडेना. सुकवलेल्या भोपळ्याच्या तुंब्यात पाणी भरून द्यायची, डोक्याला ओलं फडकं बांधायला लावायची, आणि सांगायची, "मी चुकते बरं का." माणूस वरच्या वळणाआड जाईपर्यंत उन्हात उभी राहायची. तुम्ही गावोगावच्या पाणपोया पाहिल्या असतील. पाणी पाजून वर असा घोर लावून घेणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

मग मोगलाईतला तो शेवटचा उन्हाळा आला. हत्यारबंद टोळ्या गावं लुटत, जाळत हिंडत होत्या. शाळा बंद झाली होती. माणसं पोराबाळांना घेऊन डोंगर ओलांडून, मोगलाईच्या हद्दीबाहेर वऱ्हाडात जात होती. एका दुपारी मी लिंबाखाली बसलो असताना एक कुटुंब धापा टाकत आलं. म्हातारा सासरा, त्याचा मुलगा, आणि कडेवर तान्ही पोर घेतलेली सून.

"मागं गाव पेटलंय," मुलगा म्हणाला. "घोड्यावरची मानसं हिकडंच यायलीत. मावशी, आज घाट चढावा का?"

मावशीनं पोतं चाचपलं. ते कोरडं ठक्क होतं. डोंगर स्वच्छ दिसत होता. पश्चिमेच्या कडेला तेवढा ढगाचा एक पुंजका होता.

"वर ऊन खाईल," ती म्हणाली. "त्यो ढग आला तर वाचाल. यील असं वाटतंय. पन माझ्या बोलन्यानं एक पोरगं गेलंय, बाई. त्ये ऐकून ठरवा."

सुनेनं लेकराला पदराखाली घेतलं. "तुमी आमच्या जागी असता तर?"

मावशी रांजणांकडं वळली. होते तेवढे तुंबे भरले, एक माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "चला. मी संगं येते."

भर दुपारी आम्ही घाट चढलो. ढग जागचा हलेना. पायतळीचे दगड वहाणांतून चटके देत होते. म्हातारा दोनदा बसला. दोन्ही वेळा त्याच्या मुलानं आणि मी त्याला उचललं. पोर रडायची थांबली तेव्हा आम्ही सगळेच घाबरलो. मावशीनं आपला पदर तुंब्यातल्या पाण्यात भिजवून पोरीभोवती गुंडाळला आणि बोटानं तिच्या ओठांवर पाणी सोडत राहिली. स्वतः घोटभरही प्यायली नाही. मी तुंबा पुढं केला तर म्हणाली, "मला सवय हाय, मास्तर." ते खोटं होतं. तिचे ओठ फुटून रक्त आलं होतं.

आम्ही एका कपारीत शिरलो. मागं घोड्यांच्या टापा ऐकू येत नव्हत्या. किती वेळ बसलो सांगता येत नाही. मग उजेड अचानक मंदावला. ढग माथ्यावर आला होता. पाऊस नाही, गारा नाहीत, नुसती सावली. मावशीनं डोळे मिटले आणि कपारीच्या दगडाला डोकं टेकलं. तेवढ्यात पोर रडली. तिच्या रडण्यानं तिची आई हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली.

दिवस मावळायच्या आत आम्ही सरहद्दीपलीकडच्या वस्तीवर पोचलो. सगळ्यांनी मावशीला राहा म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती उतरायला लागली. "मागनं आनखी लोक यायलेत," एवढंच म्हणाली.

त्या उन्हाळ्यात तिनं किती जणांना वर आणून सोडलं, ते तिनं मोजलं नाही, दुसरं कोण मोजणार? पावसाळ्यात तिला ताप भरला. मोगलाई संपल्याची बातमी जिंतुरात आली, त्याआधीच ती गेली होती. मला ते एका गाडीवानाकडून कळलं.

पुढच्या वैशाखात मी घाट उतरून आलो तर छप्पर वाऱ्यानं उडालेलं. लिंबाखाली गाड्या नेहमीसारख्या उभ्या होत्या. त्यांच्यामध्ये ती सून होती. मावशीला भेटायला आली होती; इथं आल्यावर तिला कळलं होतं. ती काही वेळ रिकाम्या रांजणांपाशी बसून राहिली. मग एका गाडीवानाची घागर मागून घेतली आणि झऱ्याकडं गेली.

तिनं रांजण विसळले, भरले. नव्यानंच आलेल्या एका गाडीवानानं विचारलं, "बाई, आज घाट चढावा का?"

"मला त्यातलं कळत न्हाई, दादा," ती म्हणाली. "पानी प्या." आणि त्याच्या ओंजळीत धार धरली. तिची पोर नुकतीच चालायला शिकली होती. सांडलेल्या पाण्याच्या चिखलात ती पाय आपटत उभी होती.