काळोखात वाचायची कविता

माझ्या नणंदबाई कॉलेजच्या प्रयोगशाळेत जिवाणूंना जेवू घालतात. म्हणजे त्यांच्यासाठी पौष्टिक जेली शिजवतात, काचेच्या चपट्या बशांत ओततात, आणि ती गोठेपर्यंत कुणी नुसतं शिंकलं तरी डोळे वटारतात. घरी आल्यावर कविता करतात. वन्संच्या या दुसऱ्या उद्योगाची आम्हा सगळ्यांना धास्ती होती. कविता लांबलचक असायच्या आणि वाचायच्या आधी वन्सं दाराला कडी घालायच्या.

ऐकायला हमखास सापडायचा तो त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा नवरा. त्याच्या एका जनुकातलं एक अक्षर जन्मतःच चुकलेलं. डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या पेशी कामच करत नाहीत, अंधुक उजेडाच्या तेवढ्या धडधाकट. त्यामुळे दिवसा तो घरातही काळा चष्मा लावतो, आणि छापील पान नाकाला टेकवूनही दोन ओळींत थकतो. कविता ऐकून तो दरवेळी "छान" म्हणायचा.

"मेल्या, छान काय छान?" वन्सं एकदा भडकल्या. "नुसता आवाज ऐकतोस माझा. शब्द वाचले असतेस तर भांडला असतास!"

तेव्हापासून त्याला काळोखात वाचता येईल अशी कविता लिहायचा किडा त्यांच्या डोक्यात वळवळायला लागला. प्रयोगशाळेत समुद्रातले चमकणारे जिवाणू होते. उजेड कसा करायचा हे त्यांच्या जनुकांतच लिहिलेलं असतं, पण पुरेशी गर्दी जमल्याशिवाय ते चमकत नाहीत. वन्संनी ते तारेच्या टोकावर घेऊन जेलीवर नाजूक अक्षरं काढली, तर सगळं ठार काळं. हात सैल सोडला, तर अक्षरं फुगून एकमेकांच्या अंगावर. शेवटी एका बशीत एकच मोठा शब्द असं ठरलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांची कविता आटोपशीर झाली. मी हुश्श केलं.

कॉलेजच्या प्रदर्शनात त्यांना सामानाची खोली मिळाली. खिडक्यांना काळा कागद लावला. पण ही चमक फार टिकत नाही, सकाळपासूनच ती उतरत चालली होती. उन्हातून आलेली माणसं आत डोकावायची आणि "काहीच नाही की!" म्हणून चालू पडायची.

"त्यालाही नाही दिसलं तर संपलंच, वहिनी," वन्सं म्हणाल्या. त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

दुपारी नवरा आला. दार लावून त्याने चष्मा काढला आणि माझ्या हातात दिला. मला अजून टेबलही दिसत नव्हतं. तो मात्र सरळ टेबलापाशी गेला, वाकला आणि न अडखळता वाचू लागला. "उजेडा, जरा बाजूला हो, माझ्या बिचाऱ्या भावाला बघू दे."

वन्संना राहवेना. त्यांनीच विचारलं, "छान?"

"नाही. बिचाऱ्या कशाला? काढ तो शब्द."

"अरे, त्या शब्दात माझी भावना..."

"भावना तुझ्यापाशी ठेव, ताई. मला दिसतंय. दिसत नाहीये ते तुम्हाला. बिचारे तुम्ही!"

मला हसू आवरेना. त्याने नेमकी ती बशी उचलून वन्संच्या हातात दिली. त्या ती घेऊन तडक बाहेर गेल्या. मी मागोमाग धावले. उन्हात बशीतला शब्द नुसता मळकट डाग दिसत होता, आणि वन्संच्या डोळ्यांना धार लागली होती.

"मनाला लागलं का हो?" मी घाबरून विचारलं.

"वेडी आहेस का?" त्या नाक पुसत म्हणाल्या. "अगं, माझी कविता कुणीतरी वाचली!"