तात्यांचा पासवर्ड माझ्या पाकिटात होता

लिंबू-मिरची आमच्या घरी फक्त पोह्यांत पडते, दाराला बांधली जात नाही. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. मापात बसत नाही ते रिजेक्ट, हा आता स्वभावच झालाय. त्यामुळे या सदरात माझा अनुभव वाचून मित्र हसतील... हसू देत.

हॅम रेडिओ हा माझा छंद. लायसन्स काढून वायरलेसवर एकमेकांशी बोलणारी मंडळी आम्ही. संत तुकाराम नगरात आमच्या ग्रुपचा एक नोड आहे – गच्चीवर अँटेना आणि तिच्याखाली, तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत एक छोटा कॉम्प्युटर. प्रत्येक सभासदाच्या घरी ग्रुपने दिलेली एक डबी असते. ती इंटरनेटवरून लॉगिन करून नोडला जोडली जाते, मग घरबसल्या सगळ्यांशी बोलता येतं. कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला नाही, ते बघायचं काम माझ्याकडे. मध्यंतरी कुणीतरी एकाचा जुना पासवर्ड वापरून आत घुसला आणि अर्धा तास शिव्या देत बसला. तेव्हापासून मी नियम कडक केले. तीन महिने लॉगिन नाही, तर खातं बंद. नवा पासवर्ड फोनवर मिळणार नाही. लायसन्स घेऊन रविवारी नोडच्या खोलीवर यायचं. मंडळी मला 'वॉचमन' म्हणायची, आणि खरं सांगतो, मला ते आवडायचं.

आमच्यात तात्या होते. चिखलीचे मूळ गावकरी, स्वतःचं लेथचं वर्कशॉप. सकाळी आठला आमची हजेरी चालते, तेव्हा बोलण्याआधी ते माईकचं बटण दोनदा दाबायचे. टक्-टक्. दार वाजवून आत यावं तसं. मग "राम राम मंडळी".

तात्या आजारी पडले. तीन महिने उलटले आणि त्यांचं खातं आपोआप बंद झालं. एका गुरुवारी कंपनीत चहाच्या सुट्टीत त्यांचा फोन आला, आवाज पार खोल गेलेला. सकाळी नुसतं ऐकत पडलं तरी बरं वाटेल, पासवर्ड तेवढा सांगा, म्हणाले. मी नियम सांगितला.

"पंधरा वर्सं बोलतोय तुमच्याशी," तात्या म्हणाले. "माझा आवाज वळखत न्हाई व्हय तुमची मशिन?"

मी हसलो. रविवारी या, हातात देतो, म्हणालो. हा माणूस जिना कसा चढेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. तिथेच मोबाईलवरून खातं पुन्हा सुरू करून सोळा अक्षरांचा नवा पासवर्ड तयार केला, चिठ्ठीवर लिहिला आणि पाकिटात ठेवला.

शनिवारी तात्या गेले.

आमच्यात एक पद्धत आहे. सभासद गेला की हजेरीत त्याला तीनदा हाक मारायची, मग एक मिनिट कुणीही बटण दाबायचं नाही. त्यानंतर त्याचं खातं कायमचं काढून टाकायचं. ते काम अर्थातच माझं.

दहाव्यानंतरच्या रविवारी सकाळी आठला आम्ही खोलीत जमलो. काकू, म्हणजे तात्यांच्या मंडळी, डबी परत द्यायला आल्या होत्या. डबी टेबलावर माझ्यासमोर होती – कापडी पिशवीत, वायर गुंडाळलेली. मी तात्यांना तीनदा हाक मारली. आपण या माणसाला शेवटच्या दिवसांत दाराबाहेर उभं केलं, हे मला पंधरा दिवस गिळता येत नव्हतं.

मिनिट सुरू झालं. मी स्क्रीनकडे बघत होतो... आणि तात्यांचं नाव हिरवं झालं. पासवर्ड बरोबर, जोडणी झाली. स्पीकरमधून आवाज आला.

टक्-टक्.

मग काहीच नाही. फक्त कुणीतरी बटण दाबून धरल्यावर येते ती हलकी खरखर. काही क्षणांनी नाव पुन्हा करडं झालं. मला भीती वाटली नाही, हे आवर्जून सांगतो. देवळात आरती संपल्यावर शांत वाटतं, तसं वाटलं, आणि डोळे भरून आले.

काकूंनी पदर सावरला. "त्येच की," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून विचारलं, "घेतलंत न्हवं त्यांना आत?"

मी हो म्हणालो.

नंतर मी सगळं तपासलं. दिघीला घरी बसून हजेरी ऐकणाऱ्या सभासदानेही ती टक्-टक् ऐकली होती. लॉगिन झालं होतं ते त्याच डबीच्या नंबरवरून, जी पिशवीत बंद पडून होती. घरी नेऊन उघडली तर तिच्यात तात्यांचा जुनाच पासवर्ड. नवा पासवर्ड नोडमधूनही कुणाला वाचता येत नाही. तो फक्त माझ्या पाकिटातल्या चिठ्ठीवर होता, आणि ती घडी मी त्या गुरुवारनंतर उलगडलीही नव्हती. हॅकिंग म्हणावं, तर ती टक्-टक् हॅकरला कुणी शिकवली?

फोनवर ओळखीचा आवाज आला की आता मी पासवर्ड देतो. तात्यांचं खातं अजून काढलेलं नाही. माझ्या यादीतला हा दुसरा नियमभंग. पण काकूंशी खोटं बोललो, ते मनातून जात नाही. तात्यांना आत घेणारा मी नव्हतो. मी तर त्यांना रविवारी या म्हणालो होतो... आणि ते आले.