साहेब, मुंग्या आणि कशावरून

इतिहास-भूगोलाचा तास म्हणजे माझा प्रयोग असायचा. पोशेऱ्याच्या पुढे डोंगरात आमची सातवीपर्यंतची शाळा आहे. तिथे मी वीस-बावीस वर्षं राजा होऊन मेलो आहे, शत्रू होऊन खिडकीतून पळालो आहे, आणि घाटावर ढग कसे अडतात ते दाखवायला स्वतःच्या डोक्यावर तांब्याभर पाणीही ओतून घेतलं आहे. पोरं खूश, मी त्याहून खूश.

त्यातला सगळ्यात गाजलेला प्रयोग साहेबाचा आणि मुंग्यांचा. नोकरीच्या सुरुवातीला मी कुठूनसा एक जुना, इंग्रज साहेबाच्या राजवटीतला नकाशा मिळवला होता. नकाशा कसला, झेरॉक्सची झेरॉक्स. तो फळ्यावर लावला. पोरांनी आपला पाडा शोधला, तर तो ओढ्याच्या पलीकडे, रानात. खरा पाडा तर अलीकडे, शाळेच्या पाठीला.

"गुरुजी, असा कसा रे?" पोरांनी विचारलं.

इथल्या बोलीत मोठ्यांनाही 'तू'च म्हणतात. त्यात अपमान नसतो, जवळीक असते. मला त्या 'तू'चा त्रास नव्हता. त्रास प्रश्नाचा होता, कारण उत्तर मला येत नव्हतं. पण 'माहीत नाही' असं म्हणायची मला सवय नव्हती. मी खिडकीतून शाळेमागच्या मोठ्या खडकाकडे बोट केलं आणि सुटलो.

म्हटलं, त्या खडकावर बसून साहेब नकाशा काढत होता. वर आंबा. आंब्यावर लाल मुंग्यांचं घरटं. ते पडलं थेट टोपीत! साहेब उठला, नाचला, हातातली लेखणी सटकली, आणि आपला पाडा ओढा ओलांडून पलीकडे जाऊन पडला. साहेबाचा नाच मी टेबलावर चढून करून दाखवला. टेबलाचा एक पाय त्याच दिवसापासून अधू आहे.

पुढे दरवर्षी फर्माईश होऊ लागली. खडकाला 'साहेबाचा खडक' नाव पडलं. एकदा खोडाळ्याच्या बाजारात आमच्याच पाड्यातल्या एका म्हाताऱ्याने मला थांबवून तीच गोष्ट ऐकवली. वर म्हणाला, "माझे आज्यानं डोळ्यांनी बघितला, गुरुजी." मी त्याला चहा पाजला. स्वतःची गोष्ट दुसऱ्याच्या आज्याने पाहिलेली निघावी, याहून मोठा मान कुठला?

मग शाळेत नव्या बाई आल्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या. पहिल्याच आठवड्यात एका पोराने त्यांना काहीतरी विचारलं आणि त्या शांतपणे म्हणाल्या, "मला माहीत नाही. शोधू या." मी शेजारच्या वर्गात खडू हातात धरून तसाच उभा राहिलो. एवढं सोपं असतं हे?

त्यांनी सातवीसाठी इंटरनेटवर एक पान तयार केलं. त्यात उत्तरं नव्हती, नुसते प्रश्न. तोच जुना नकाशा स्वच्छ, रंगीत, बोटांनी मोठा करता येणारा, कोपऱ्यातलं सालही दिसणारा. शेजारी आकाशातून घेतलेलं आजचं चित्र. खाली प्रश्न: आपला पाडा दोन्हींत वेगळ्या जागी का? आणि एक तक्ता: कोणी सांगितलं? त्यांना कसं कळलं? दुसरा पुरावा काय? तक्ता भरून जव्हारच्या एका शाळेकडे पाठवायचा. तिथली मुलं तो वाचून उलटतपासणी घेणार. शाळेला दोन टॅब मिळाले होते. रेंज मात्र एकाच ठिकाणी यायची, साहेबाच्या खडकावर! त्यामुळे साहेब खडकावर बसला होता का, याचा तपास खडकावर बसूनच सुरू झाला.

गटाची म्होरकी सातवीतली एक मुलगी होती. बोलणं कमी, बघणं जास्त. बाईंनी वर्गाला एक शब्द दिला होता, 'कशावरून', आणि तो हिने जो उचलला, तो खालीच ठेवला नाही. भाताची पेज आंबली आहे असं आई म्हणाली, तरी ही विचारायची, "कशावरनं?" आई एक दिवस शाळेत येऊन बाईंना म्हणाली, "बाई, हिला दुसरा शब्द शिकव ना."

आकाशातल्या चित्रात ओढ्यापलीकडच्या रानात तिला काही सरळ रेघा दिसल्या. ती म्हणाली, "रानात सरळ काय नसतं. कोणीतरी केलेलं आहे." शनिवारी आम्ही सगळे तिकडे गेलो. रेघा म्हणजे जुन्या शेतांचे बांध निघाले, वर झाडं वाढलेली. पुढे एका सपाट कातळात तीन खोल, गुळगुळीत खड्डे होते. आत पाचोळा. मुलीने पाचोळा काढला, हात फिरवला आणि ओरडली, "उखळी! कांडायच्या उखळी!" त्या उखळींत किती बायकांची किती मुसळं पडली असतील! वीस वर्षं मी ओढ्याच्या अलीकडे नाचत होतो, आणि इतिहास पलीकडे पाचोळ्याखाली गप्प पडला होता.

पाड्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजीने उरलेलं सांगितलं. तिच्या सासूचं लहानपण पलीकडे गेलं. तिथला झरा आटला, म्हणून सगळी घरं उठून अलीकडे आली. म्हणजे नकाशा बरोबर होता. साहेबाची लेखणी कुठेही सटकली नव्हती.

आता तक्त्यात एकच ओळ राहिली: गावात सांगतात ती मुंग्यांची गोष्ट कुठून आली?

मुलगी मला बाजारात भेटलेल्या त्याच म्हाताऱ्याकडे गेली.

"नकाशावरच्या सालात तुझा आजा केवढा होता?"

"असंल तुझ्याएवढा."

"मग तुझा बाप कधी जन्मला? आणि तू?"

म्हाताऱ्याने बोटं मोजली, पुन्हा मोजली, त्या सालात आजा जन्मलाच नसल्याचं निघालं, तसा चिडला. "जा गं, मोठी आली फौजदारीण! माझे पोरानं सांगितलं." पोरगा म्हणाला, "शाळेत ऐकलं." आणखी चौघांना विचारलं. चारही वाटा शाळेत आल्या, आणि शाळेतून माझ्या टेबलापाशी.

शुक्रवारी बाई मला म्हणाल्या, "गुरुजी, आज तक्ता पाठवायचा आहे. तिने एक ओळ कोरी ठेवली आहे आणि कारण सांगत नाही." मी खडकाकडे गेलो. मुलगी टॅब मांडीवर घेऊन बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "गुरुजी, 'जुनी माणसं सांगतात' असं लिहू?"

असं लिहिलं तर जव्हारची मुलं पहिला प्रश्न विचारणार, कोणती जुनी माणसं? आणि तिथेच बांध, उखळी, आजी, सगळ्यावरचा विश्वास उडणार. खरं लिहिलं तर गुरुजी खोटा ठरणार. तिने माझ्यासाठी आपलं इतकं सुंदर काम पणाला लावलं होतं.

मी तिला वर्गात नेलं, सगळ्यांना बसवलं आणि सवयीने टेबलाकडे वळलो. मग विचार बदलला आणि जमिनीवर उभा राहिलो. म्हटलं, "मुलांनो, साहेब, टोपी, मुंग्या, सगळं मी रचलं. मला उत्तर येत नव्हतं."

मी मान खाली घालून शिक्षेची वाट बघतोय, तर मागून तिचा आवाज आला.

"कशावरनं?"

"अगं, मी स्वतः सांगतोय!"

"तू रोजच काय काय सांगतोस. पुरावा दे."

सगळा वर्ग हसत सुटला. बाईंनी पदर तोंडावर धरला. स्वतःचाच खोटेपणा सिद्ध करायला पुरावा शोधत फिरणारा मी बहुधा तालुक्यातला पहिलाच गुरुजी. शाळेच्या कपाटातले जुने गठ्ठे उपसले, दोन पाली आणि एक विंचू बाहेर काढला, आणि शेवटी वाळवीने अर्धी खाल्लेली माझी टाचणवही, म्हणजे रोजच्या पाठांच्या नोंदींची वही, सापडली. त्या दिवसाच्या पानावर माझ्याच अक्षरात होतं: 'भूगोल. नकाशावाचन. गोष्ट: साहेब व मुंग्या (स्वरचित).'

तिने 'स्वरचित' म्हणजे काय ते बाईंना विचारून घेतलं, पानाचा फोटो काढला आणि पुन्हा खडकावर चढली. मीही मागोमाग धापा टाकत गेलो. तिने ओळ भरली आणि टॅब माझ्यापुढे धरला.

'कोणी सांगितलं? आमच्या गुरुजींनी. त्यांना कसं कळलं? कळलं नव्हतं, म्हणून सांगितलं.'

मी दोनदा वाचलं. एकही काना-मात्रा बदलायची गरज नव्हती.

"पाठव," मी म्हणालो.