चार दोऱ्यांचा नंदी

आमच्या इवायांसारखा उफराटा माणूस आर्णीपासून ढाणकीपर्यंत सापडायचा नाही. सुनेचे वडील, आमच्याच गावच्या शाळेत मास्तर. माझी शाळा दुसरीत सुटली, तरी मी कोणाला हार जात नाही; यांच्यापुढं मात्र गेलो. पोरानं एकट्यानं काही केलं की यांच्या कपाळाला आठी. शाळेची घंटा वाजवायलाही चौघं. एक घंटा धरी, एक टोला हाणी, एक मोजी. "अन् चौथा?" मी विचारलं. "तो तिघायले शाबासकी देते," म्हणाले. आमच्याकडं जेवायला आले की लेकीला सांगत, "नातवाले एकट्याले वाढू नको, शेजारचं लेकरू बोलाव." शेजारचं म्हणजे किसनाची नात! शेताच्या बांधाच्या, धुऱ्याच्या भांडणापासून किसनाशी माझं बोलणं बंद होतं.

बोंडअळीनं कपाशी खाल्ली, त्या साली माझी बैलजोडी बाजारात गेली. पोळ्याला गोठा रिकामा. म्हटलं, दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्यात पोरं लाकडी नंदी मिरवतात, तिथं तरी आपल्या घरचा बैल गावात उठून दिसावा. सागाचा घडवून घेतला, वासराएवढा. इवायांनी कौतुकानं पाहिला आणि दोन्ही अंगांना कड्या ठोकून चार दोऱ्या बांधल्या! एक नातवाला, एक किसनाच्या नातीला, दोन तांड्यावरच्या पोरांना.

"इवाई, नंदी माह्या नातवाचा हाये!"

"हाये ना. ओढू द्या त्याले एकट्याले."

नातवानं हिसका दिला. नंदी आडवा. किसनाची नात खिदळली, "तुह्या आज्यावानी हाये, एकटाच अडते!"

पारापर्यंत नंदी किती वेळा लोळला, विचारू नका. चौघं एकमेकांच्या झिंज्या धरत, आणि मास्तर सुपारी चघळत, "भांडू द्या, शिकून राह्यले." शेवटी पोरांनीच ठरवलं, एकानं हाक द्यायची, "चाल रे राजा!" की चौघांनी ओढायचं. पारावरच्या तोरणाशी पोचलो ते सगळ्यांच्या मागून. पहिल्या नंदीचं बक्षीस गेलं. मी इवायांशी दिवाळीपर्यंत बोललो नाही.

आता इवाई नाहीत. परवा नंदीला तेलपाणी करावं म्हणून पडवीतून ओढायला गेलो, तर लेकाचा आडवा झाला. किसना कुंपणापलीकडून पाहत होता. हसला नाही. आत आला, नंदी उभा केला, पलीकडची दोरी धरली.

"हाक कोन देईन?"

नंदी माझा, पडवी माझी, हाकही माझीच.

"तूच दे," म्हटलं.

नंदी सरळ चालला. उरलेल्या दोन दोऱ्या मागं मातीत घसटत होत्या. इवाई असते तर म्हणाले असते, "अजून दोघायले बोलवा."