पोच द्या, जवाईबुवा

जगात रोज ज्या काही गोष्टी घडतात, त्यांतल्या निम्म्याअधिक माझ्या मामेसासऱ्यांच्या मते घडलेल्याच नसतात, कारण त्यांची पोच कुणी घेतलेली नसते. नळाला पाणी येतं, माणसं एकमेकांना शब्द देतात, नगरसेवक आश्वासनं देतात. पण कागदाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही नसेल तर या सगळ्याला ते 'तोंडी' म्हणतात. त्यांच्या बोलण्यात याहून वाईट शब्द नाही. एखादा माणूस मनातून उतरला की "तोंडी मानूस हाये तो," एवढंच ते बोलतात आणि मग त्या माणसाचा विषय घरात पुन्हा निघत नाही.

हे दुखणं त्यांना नोकरीत जडलं. ते पोस्टमन होते. मूर्तिजापूर आणि अमरावती यांच्यामध्ये कुठेतरी नगरपरिषदेचं एक लहानसं शहर आहे असं समजा. नाव सांगत नाही, कारण सांगितलं तर त्याचीही पोच मागायला ते अकोल्याला माझ्या दारात येतील. त्या शहरात त्यांनी उभा जन्म सायकलवरून रजिस्टर पत्रं वाटली. पोचपावतीवर सही झाल्याशिवाय पत्र हातातून सोडायचं नाही, हा नियम त्यांच्या अंगात इतका मुरला की निवृत्तीनंतर पत्रं सुटली, पोच सुटली नाही. शेजारी भरीत पाठवलं तर भांड्यासोबत चिठ्ठी परत आली पाहिजे. माझ्या लग्नात तर कमालच झाली. प्रतिज्ञा झाल्या, फुलं पडली, लोक 'जय भीम' करत पंगतीकडे वळले, तेवढ्यात मामा कागद घेऊन माझ्यापुढे उभे राहिले. "जवाईबुवा, एक सही लागते." मला वाटलं विवाहनोंदणीचं काही असेल. कागदावर लिहिलं होतं, 'माझी भाची चांगल्या स्थितीत मिळाली.' मी नवरदेव, गोंधळलेला, सही करून बसलो. "मी का पार्सल हाव?" म्हणून बायको तेव्हापासून आजतागायत चिडते. आमचं कधी वाजलं आणि तिनं माहेरी जायची भाषा केली, तर मामा फोनवर शांतपणे सांगतात, "पाठवा, पन परतीची बी पोच लागन."

निवृत्त झाल्यावर त्यांचा सगळा मोर्चा नगरपरिषदेकडे वळला. गल्लीतला दिवा दिवसा जळतो, वाचनालयाचं घड्याळ वीस मिनिटं मागे आहे, अमुक नालीवरचं झाकण तमुक नालीवर बसवलं आहे, अशा अर्जांचा त्यांनी पाऊस पाडला. अर्जाचं पुढे काय होतं याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नव्हतं. आवक टेबलावर शिक्का पडला आणि नंबर मिळाला की त्यांचा चेहरा फुलायचा. तिथला शाईचा पॅड बारमाही कोरडा, म्हणून ते स्वतःचा पॅड पिशवीत घेऊन जात. टेबलावरचे बाबू त्यांना येताना बघून चहाला पळायचे, पण पॅडसाठी परत यायचे, कारण सबंध कार्यालयात ओली शाई मामांकडेच असायची.

सर्वसाधारण सभा त्यांनी एकही चुकवली नाही. सभागृहात मागच्या भिंतीला लागून प्रेक्षकांचा एक बाक आहे, त्यावर बहुधा ते एकटेच असत. 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' हा पहिला विषय पुकारला की ते उठून उभे राहायचे. कशाला उभे राहता म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "काहून म्हंजे? सारं सभागृह मागच्या सभेची पोच देऊन रायलं, अन् मी बसून राहू?"

या सगळ्या साम्राज्यात एकच व्यक्ती त्यांना कधी पोच देत नसे. मामी. तिचं दीड एकराचं वावर आहे, त्यातला भाजीपाला घेऊन ती दर शुक्रवारी आठवडी बाजारात बसते. वांगी, मेथी, चवळीच्या शेंगा, आणि माझ्यासाठी बाजूला काढून ठेवलेली आंबाडी. मामांनी तिच्यापुढे कधी कागद सरकवला तर ती तो घडी करून वजनकाट्याखाली टेकू म्हणून लावायची.

तीन-चार वर्षांमागं मामीच्या कुशीत दुखायला लागलं आणि दोघं अकोल्याला आमच्याकडे आली. मी त्यांना डॉक्टरबाईंकडे नेलं. बाईंनी तपासून विचारलं, "पाणी किती पिता?" उत्तर मामांनी दिलं. "भरपूर पेते. फक्त शुक्रवारी नाई, शुक्रवारी उपास असते तिचा." आपल्यात उपासतापास नकोत, यावरून ते तिच्याशी वर्षानुवर्षं वाद घालत आले होते, हे मला ठाऊक होतं. मामीनं खुर्ची डॉक्टरबाईंकडे सरकवली. मग म्हणाली, "उपास कायचा, बाई? बाजारात बायांले जाची जागा कुठी हाये? मानसं जातात भिंतीच्या आडोशाले. आमी सकायपासून पानीच पेत नाई." डॉक्टरबाईंचा पेन थांबला. मामी मामांकडे वळली आणि अजिबात आवाज न चढवता बोलली, "साऱ्या गावाची पोच घेता, अन् घरातली पोच नाई तुमाले."

मलाही शरम वाटली. त्या शुक्रवारांची आंबाडी मी किती चवीनं खाल्ली होती. घरी आल्यावर मामांनी चहाला हात लावला नाही. माझ्या मुलीच्या वहीतलं एक पान मागून घेतलं आणि जेवणाच्या टेबलावर बसून अर्ज लिहिला. 'आठवडी बाजारात महिलांकरिता स्वतंत्र मुतारी बांधणे.' 'मुतारी' या शब्दाखाली लाल शाईनं दोन रेघा.

अर्ज घेऊन गेले तर आवकचे बाबू म्हणाले, "मामा, असा शब्द बरा नाही दिसत. 'प्रसाधनगृह' लिहा." मामा ऐकणारे थोडेच. "प्रसाधन म्हंजे पावडर लावनं. आमच्या बायांले पावडर नाई लावाची," असं म्हणून त्यांनी स्वतःचा पॅड पुढे केला, शिक्का घेतला, नंबर घेतला. पुढच्याच सभेत विषय आला आणि नगरसेवकांनी बाकं वाजवून एकमतानं मंजूर केला. मामांनी मला फोन केला तेव्हा त्यांचा आवाज लग्नघरासारखा झाला होता. "झालं, जवाईबुवा! येत्या उन्हाळ्यात तुमची मामी बाजारात बसून पानी पेईन!"

उन्हाळा आला आणि गेला. बाजारात एक वीट पडली नाही. मामा चौकशीला गेले तर बांधकाम खात्यानं सांगितलं, तो विषय आमच्याकडे नाहीच, प्रशिक्षणाकडे वर्ग झालाय. कसलं प्रशिक्षण, ते कुणाला सांगता येईना. ते शेवटी मामीलाच कळलं, कारण एक दिवस बाजारात तिच्या हातात नोटीस पडली. 'ठरावाच्या अनुषंगाने महिलांकरिता सुतारकामाचे प्रशिक्षण आयोजित केले असून इच्छुक महिलांनी रंधा, करवत व पटाशीसह उपस्थित राहावे.' इतिवृत्त टंकताना कुणाचं तरी बोट घसरलं होतं आणि 'म'च्या जागी 'स' पडला होता. महिलांकरिता स्वतंत्र सुतारी! सबंध सभागृहानं ते इतिवृत्त वाचून कायम केलं होतं, आणि वाचलं असतं तर कायम केलं नसतं. त्या वेळी मागच्या बाकापाशी कोण उभं होतं हेही सांगायला नको. "घ्या," मामी म्हणाली, "आता रंधा मारतो मी." प्रशिक्षणाला तीन बाया गेल्या. त्यांतली एक मामीशेजारी बांगड्या विकणारी.

मामांनी दुरुस्तीचे अर्ज सुरू केले. पण तोवर नगरसेवकांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि नगरपरिषदेवर प्रशासक आले. आता सभा म्हणजे काय, तर एक तरुण अधिकारी, त्याच्यासमोर रिकाम्या खुर्च्या आणि बाजूला लिहून घेणारे बाबू. सूचक तोच, अनुमोदक तोच, एकमतही त्याचंच. अशा सभेला प्रेक्षक कोण जाणार? आमचे मामा गेले. मी त्या दिवशी कामासाठी अमरावतीला निघालो होतो, वाटेत त्यांनी मला उतरवून घेतलं, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलेलं सांगतोय. पहिला विषय पुकारला आणि सवयीनं ते उभे राहिले. साहेब दचकले. त्यांच्यासाठी आजवर कुणी उभं राहिलं नव्हतं. 

विषय भराभर मंजूर होत गेले. शेवटी बाबूंनी वाचलं, "अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय," आणि मामा मागून गरजले, "हाये!"

"काका, प्रेक्षकांना सभेत बोलता येत नाही," साहेब हसून म्हणाले.

"मान्य हाये, साहेब. पन आत बोलनारं कोनीच नाई. मंग हरकत घ्याची कोनं?"

साहेबांनी त्या रिकाम्या खुर्च्यांकडे एकदा पाहिलं आणि हातानं पुढे या म्हणून खूण केली. मामांनी प्लास्टिकच्या पिशवीतून अर्जाची प्रत काढली. शिक्का ठसठशीत, नंबर स्पष्ट, तारीख, बाबूंची सही, आणि लाल रेघांवर उभा असलेला तो शब्द. शेजारी बाबूंचं इतिवृत्त, खाली दुरुस्तीच्या अर्जांचा गठ्ठा. साहेबांनी दोन्ही कागद जवळ धरून वाचले आणि आधी खदखदून हसले. मग त्यांनी विचारलं, "काका, एवढ्या वेळा अर्ज का केलात? तुमच्या घरचं कुणी बसतं का बाजारात?"

मला वाटलं आता मामा कलम सांगतील, नियम सांगतील. त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "माही बायको बसते, साहेब. सकायी सातपासून. पानी पेत नाई."

साहेबांनी तिथल्या तिथे शुद्धिपत्रक सांगितलं, जागा ठरवली, काम कधी सुरू व्हायचं तेही लिहायला लावलं. बाबू लिहून होईपर्यंत मामा हलले नाहीत. नंतर हात पुढे करून म्हणाले, "पोच?" साहेबांनी स्वतः सही केली. शिक्क्याला शाई मामांची लागली हे वेगळं सांगायला नको. बाहेर आल्यावर त्यांनी मला भर रस्त्यात मिठी मारली आणि तीन ओळखीच्या व दोन अनोळखी माणसांना तो कागद वाचून दाखवला.

काम झालं, खरोखर झालं. नळ, फरशी, वर पाण्याची टाकी, लाकडी दार. पहिल्या शुक्रवारी मी रजा टाकून गेलो. साहेबांनी फीत कापली, टाळ्या घेऊन ते गेले आणि मामी दारापर्यंत जाऊन परत आली. दाराला आतून कडीच नव्हती. सगळ्या बाया एकमेकींकडे बघू लागल्या, मामांचा चेहरा पडला, अर्जासाठी हात पिशवीत गेलासुद्धा. तेवढ्यात ती बांगड्यांवाली उठली. "सरका बाप्पा," म्हणाली. हार्डवेअरच्या दुकानातून तिनं कडी आणि चार स्क्रू आणवले, पाटीखालून पेचकस काढला आणि सुतारी शिकलेल्या हातानं दहा मिनिटांत कडी बसवून दिली. बाजारात अशा टाळ्या पडल्या की फीत कापताना पडलेल्या टाळ्या कुणाला आठवल्या नाहीत. चुकलेला ठराव आणि दुरुस्त केलेला ठराव, दोन्ही एकाच दारावर अमलात आले.

पहिली आत मामी गेली. बाहेर आली, आपल्या जागेवर बसली, पदरानं हात पुसले. माथ्यावर ऊन होतं. तिनं शेजारचा तांब्या उचलला आणि भर दुपारी, भर बाजारात, मामांकडे बघत बघत तोंडाला लावला. खाली ठेवला तेव्हा तो रिकामा होता. "दिसलं ना?" ती म्हणाली. मामा चष्मा पुसत होते, पुसतच राहिले. त्या दिवशी त्यांनी तिच्याकडे काही मागितलं नाही.

परवा दिवाळीला गेलो होतो. मामांचे गुडघे आता धरले आहेत, सायकल ओसरीला टेकून उभी असते आणि सभेच्या दिवशी मागचा बाक बहुधा रिकामाच राहतो. पॅड मात्र ओला आहे. बोलता बोलता त्यांनी पोचांची पत्र्याची पेटी उघडून दाखवली. माझ्या सहीचा कागद वरच होता. सगळ्यांत खाली टपालखात्याचं एक जुनं, कोरं पोचपावतीचं कार्ड निघालं. त्यावर मामीचं नाव आणि त्या शुक्रवारची तारीख मामांनी आपल्या सुबक अक्षरात घातली होती. सहीची जागा मोकळी होती.

"मामा, ही तर अपुरी आहे," मी म्हणालो. "मामी आतच आहेत. घ्या ना सही."

त्यांनी कार्ड माझ्या हातातून काढून घेतलं, पुन्हा होतं तिथे तळाशी ठेवलं आणि पेटीचं झाकण हळूच लावलं.

"राहू द्या, जवाईबुवा," ते म्हणाले. "पानी पेली ते. म्या माह्या डोयानं पायलं."