दोघींचं एकच तिकीट

टीपवाल्या बाई बस फलाटाला लागायच्या आधीच पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसल्या होत्या. कापडाच्या दुकानात दाराशीच त्यांचं मशीन. पँटची उंची कमी करायची, चेन बदलायची, उसवलेल्या खिशाला टीप मारायची, यातच त्यांची हयात गेली. मूळ नाव लोक कधीच विसरले होते.

शहरात राहणाऱ्या पुतण्याचा पाय मोडला होता. सून नोकरीला जायची आणि तो दिवसभर घरात एकटा पडून असायचा. फोनवर त्यानं एवढंच विचारलं, "मोठी आई, थोडे दिवस येशील का?" बाईंनी त्याच संध्याकाळी मशीनवर चादर टाकली. तिकीट त्यानंच काढून फोनवर पाठवलं.

बस लागली. बाई सीटचा नंबर शोधत आत गेल्या, तर खिडकीशी त्यांची धाकटी जाऊ बसलेली.

जाऊ म्हणजे त्या पुतण्याची सख्खी आई. सरकारी इस्पितळात नर्स होती, त्यामुळे सगळा गाव तिला सिस्टर म्हणायचा. दोघींचे नवरे, सख्खे भाऊ, मागेपुढे गेले. घर एकच, खाली बाई, वर सिस्टर, मधे जिना. पण मुलाचं लग्न झाल्यापासून दोघींत बोलणं नव्हतं. काही निरोप असलाच तर तो दूधवाल्याबरोबर वर जायचा आणि त्याच्याचबरोबर खाली यायचा. दूधवाला त्या कामाला पार कंटाळला होता.

झालं होतं ते एवढंच. लग्नात फोटोवाला म्हणाला, "मुलाची आई, इकडे या." दोघी एकदमच पुढे झाल्या. सिस्टरला कायम दिवसपाळी-रात्रपाळी असायची, त्यामुळे मुलगा लहानाचा मोठा झाला तो बाईंच्या मशीनखाली, चिंध्यांत खेळत. बाईंना पुढे होताना काही वावगं वाटलं नाही. तेव्हा सिस्टर भर मांडवात म्हणाली, "आई मी आहे. त्या कपडे शिवून देणाऱ्या." बाई मागे सरकल्या, जेवल्या आणि घरी आल्या. जेवल्या मात्र पोटभर, कारण उपाशी उठल्या असत्या तर तेवढीच चर्चा झाली असती.

आता त्या सीटपाशी उभ्या राहिल्या. कंडक्टर तिकिटं बघत आला.

"दुसरीकडे कुठे जागा आहे का?" बाईंनी विचारलं.

"गाडी फुल आहे मावशी. आणि तुमचं दोघींचं एकच तिकीट आहे की."

"आम्ही वेगवेगळ्या आहोत."

कंडक्टरनं फोनकडे पाहिलं, मग दोघींकडे पाहिलं. "आडनाव तर एकच दिसतंय," म्हणाला आणि पुढे गेला. बाई बसल्या. मधे पिशवी ठेवली.

गाव मागे पडलं, शेतं लागली, मग घाट. सिस्टरला बस लागायची. रक्ताला, जखमेला कधी न डगमगलेली ती, पण वळणाचा रस्ता आला की पांढरीफटक पडायची. घरात हे फक्त बाईंना आणि मुलाला ठाऊक होतं. बाईंनी पिशवीतून संत्रं काढलं, सोललं, फोडी स्वतः खाल्ल्या आणि साल मधल्या पिशवीवर ठेवून दिलं. सिस्टरनं ते उचललं आणि नाकाशी धरलं. कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

दुपारी बस एका खाणावळीपाशी थांबली. बाईंनी जागेवरच डबा उघडला. सिस्टर तोंड धुवायला खाली उतरली. माणसं हात पुसत परत चढली, कंडक्टरनं मागे वळून "आले का सगळे?" असं विचारलं, दोन-चार जण "हो" म्हणाले आणि बस हलली.

शेजारची सीट रिकामी होती. सिस्टरची हातपिशवी तिथंच पडलेली. बाईंनी ती पाहिली. बस आवारातून बाहेर पडली, रस्त्याला लागली, वेग घेऊ लागली. तेव्हा बाई उठल्या.

"थांबवा गाडी. माझी जाऊ राहिली."

"आत्ता सांगताय होय?" ड्रायव्हर वैतागला. बाई मागे वळल्या. मागच्या काचेतून रस्त्याच्या कडेनं धावत येणारी सिस्टर दिसत होती. केस ओले, चपला हातात. ती चढली, बसली, दम खाल्ला. बरीच वाट सरल्यावर म्हणाली,

"ताई, मी नाही हे तुम्हाला लगेच कळलं होतं ना?"

"कळलं होतं."

"मग?"

"मग काय. विचार करत होते."

सिस्टरला हसू आलं. "निदान खोटं तरी बोलायचं."

"खोटं बोलायला आधी बोलणं असावं लागतं," बाई म्हणाल्या.

ते बोलणं तिथंच थांबलं असतं. पण सिस्टरच म्हणाली, "त्या दिवशी मला तुमचा राग नव्हता आला. फोटोवाल्यानं आई म्हटलं आणि पोरगा आपसूक तुमच्या बाजूला सरकला. मला त्याचा आला."

"मी नाही पाहिलं."

"तुम्ही कॅमेऱ्याकडे बघत होता."

बाई खिडकीबाहेर पाहू लागल्या. हे त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्यांनी फक्त आपल्याला बोललेलं वाक्य उगाळलं होतं.

"शिवून देणाऱ्या, म्हणालीस."

"म्हणाले. तेवढं म्हणायला नको होतं."

बाईंनी ते ऐकून घेतलं. डब्यात उरलेला पाव पुढे केला. सिस्टर म्हणाली, "पोट ढवळतंय अजून," आणि तरी अर्धा खाल्ला.

शहरात सून घ्यायला आली होती. दोघींना एकत्र उतरताना पाहून तिनं मोठा श्वास सोडला. घर चौथ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. मुलगा पलंगावर, प्लास्टरचा पाय उशीवर.

"भांडलात का वाटेत?" त्यानं विचारलं.

"थोडंसं," सिस्टर म्हणाली.

"एकत्र तिकीट कशाला काढलंस रे?" बाईंनी दटावलं.

"वेगवेगळी काढायची म्हणजे सगळं दोनदा भरावं लागतं, मोठी आई. एका जागी पडून माणूस आळशी होतो."

दुसऱ्या दिवसापासून कामं आपोआप वाटली गेली. औषधं, अंग पुसणं, पाय उंच ठेवायला लावणं हे सिस्टरचं. ती त्याच्यावर इस्पितळातल्यासारखीच डाफरायची आणि तो निमूट ऐकायचा. बाईंनी त्याच्या पँटी एका बाजूनं उसवल्या, कडेला पट्टी लावून बटणं बसवली, म्हणजे प्लास्टरवरून घालता येतील. मग त्यांना काम उरलं नाही. स्वयंपाकघरात बसल्या की आतून मायलेकांचं बोलणं कानावर येई. कधी इस्पितळातल्या गोष्टी, कधी त्याच्या वडिलांच्या. दिवसाउजेडी आई घरी असणं हा प्रकार त्यानं लहानपणी फारसा अनुभवला नव्हता. बाईंना थोडं लागलं आणि ते त्यांनी मनातल्या मनात मान्यही केलं. पण आत जाऊन मधे बसल्या नाहीत.

आठवड्यानं त्या निघाल्या. सिस्टर स्टँडवर सोडायला आली.

"राहा की अजून."

"दुकानात ढीग पडला असेल."

"तो रडेल हो."

"आता कुठला रडतो. तू आहेस."

सिस्टर महिन्याभरानं परतली. तिनं वर न जाता जिन्यातूनच सांगितलं, "प्लास्टर निघालं."

"चालतो का?"

"लंगडतो थोडा. व्यायाम करत नाही."

"तुझ्यावर गेलाय," बाई आतून म्हणाल्या. "चहा टाकलाय. येतेस का?"

"हातपाय धुऊन येते," सिस्टर म्हणाली आणि बॅग उचलून वर गेली.

दोघी काही गळ्यात गळा घालून राहू लागल्या नाहीत. पाण्याच्या नळावरून अजून खटके उडतात, आणि वरच्या मजल्यावर काही आपटलं की बाई छताकडे बघून पुटपुटतात. दूधवाला मात्र आता फक्त दूध घालतो.